संचालन प्रणालीची लोकप्रियता आणि सुरक्षितता

संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) जितकी लोकप्रिय, तितकी ती असुरक्षित, असा एक रूढ समज आहे. तो अंशतःच खरा आहे.

समजाचा आधार
घातक आज्ञावली लिहिणाऱ्याला एकाच प्रयत्नात अधिकाधिक संगणक गाठायचे असतात. वैयक्तिक संगणकांवर विंडोजचा प्रसार सर्वाधिक असल्याने बहुतेक संगणक विषाणू तिच्यासाठीच लिहिले गेले.

मर्यादा
लोकप्रियतेमुळे हल्ले वाढतात. प्रणालीतील उणिवा मात्र त्यामुळे निर्माण होत नाहीत. २००१ साली बहुसंख्य संकेतस्थळे अपाची या सर्व्हर आज्ञावलीवर चालत असत. तरीही त्या वर्षी जुलैमध्ये 'कोड रेड'ने तुलनेने कमी वापरातील, मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरमधील त्रुटीचा लाभ घेऊन साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित केले.

अल्प वापर हेही अभय नव्हे. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सुमारे सहा लाख मॅक संगणकांत शिरकाव केला. त्याने वापरलेली जावामधील त्रुटी ओरॅकलने फेब्रुवारीतच दुरुस्त केली होती. ॲपलने ती दुरुस्ती मॅकसाठी एप्रिलमध्ये उपलब्ध केली.

याउलट, मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्याने वापरलेल्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसृत केली होती. ती वेळेवर बसवलेल्या विंडोज संगणकांवर त्या त्रुटीतून प्रवेश करणे शक्य नव्हते.

निष्कर्ष
हल्ला होण्याची शक्यता लोकप्रियतेवर, तर तो यशस्वी होणे प्रणालीची रचना, वापरकर्त्याला दिलेले अधिकार आणि दुरुस्त्यांची तत्परता यांवर अवलंबून असते. म्हणून केवळ कमी प्रचलित प्रणाली निवडणे हा सुरक्षिततेचा पुरेसा उपाय ठरत नाही.