सुट्टीतील बुडी आणि रेग्युलेटरची खरेदी : स्वस्त कोणते, किफायतशीर कोणते?

पुणे-पौड रस्त्यावरील भूगावात आता दुकानांची आणि सोसायट्यांची दाटी झाली आहे. येथील अनेक व्यापारी कुटुंबे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला पाहून, मासे खाऊन मंडळी परत येत. आता तरुण मुले स्कूबा डायव्हिंग करतात. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्थाच आहे. काही मुले रीतसर शिकतात, प्रमाणपत्र घेतात आणि मग स्वतःचे साहित्य मागतात. कोणाला आखातातील मामा-काकांकडून रेग्युलेटर मिळालेला असतो. चार-पाच वर्षांनी तो बिघडतो आणि वडिलांपुढे प्रश्न उभा राहतो : दुरुस्त करावा, नवा घ्यावा की जुना कोणाकडून विकत घ्यावा? वर्षातून एकदाच लागणाऱ्या वस्तूवर किती खर्च करावा, याचा हा हिशेब आहे.

रेग्युलेटर म्हणजे काय?

आपल्या स्वयंपाकघरातील गॅसच्या टाकीवर रेग्युलेटर असतो. टाकीतील जास्त दाब शेगडीला सोसेल इतका कमी करणे, हे त्याचे काम. पाणबुड्याचा रेग्युलेटर हेच काम करतो. हे साम्य केवळ वरवरचे नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी ‘अॅक्वालंग’ तयार केले. त्यांपैकी गान्यां हे गॅस कंपनीचे इंजिनिअर होते. युद्धकाळात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठी त्यांनी एक झडप बनविली होती. तीच सुधारून पाण्याखाली वापरली गेली.

भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार असतो. सिलिंडरला जोडलेला पहिला टप्पा तो भोवतालच्या दाबापेक्षा ९-१० बार जास्त इतक्यावर आणतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा आपण श्वास ओढला की भोवतालच्या दाबाइतकी हवा देतो. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एक बारने वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट आणि २० मीटरवर तिप्पट होतो. तेथे दर श्वासाला हवाही त्याच प्रमाणात जास्त लागते. म्हणूनच या यंत्रात कसूर चालत नाही. कापडात एखादा धागा सुटला तर गिऱ्हाईक नाराज होते. येथे प्रश्न श्वासाचा आहे.

आधी पाहावे : बदलण्याची गरज आहे काय?

बिघाड म्हणजे सगळा संच बाद, असे नसते. तोंडात धरायचा रबरी तुकडा फाटला असेल तर तेवढाच बदलतो आणि तो अगदी स्वस्त असतो. नळीला जोडाजवळ चिरा पडल्या असतील तर नळी बदलते. नळ्या साधारण पाच वर्षांनी बदलाव्यात, असा सल्ला जाणकार देतात. दुसऱ्या टप्प्यातून सतत फसफस हवा येत असेल, तर पुष्कळदा पहिल्या टप्प्यातील झडपेची बैठक झिजलेली असते आणि दाब हळूहळू चढत जातो. ती सर्व्हिसिंगमध्ये बदलता येते. आधुनिक रेग्युलेटर बिघडला तर बहुधा हवा बंद होण्याऐवजी जोरात वाहू लागते, हे खरे. परंतु त्या वेगाने सिलिंडर थोड्याच वेळात रिकामा होतो, हेही तितकेच खरे.

म्हणून प्रथम प्रशिक्षित कारागिराकडून तपासणी करून खर्चाचा आकडा घ्यावा. दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या निम्म्यावर जात असेल, किंवा सुट्या भागांचा संच कंपनीने बंद केला असेल, तरच बदलण्याचा विचार करावा.

साधी रचना फायद्याची

पहिल्या टप्प्याचे मुख्य दोन प्रकार आहेत : पिस्टनचा आणि पडद्याचा. दोन्हींत ‘बॅलन्स्ड’ प्रकार महाग असतो. सिलिंडर रिकामा होत आला तरी त्यात श्वास सारखाच हलका राहतो. साध्या, म्हणजे ‘अनबॅलन्स्ड’ पिस्टनमध्ये खोलीवर आणि सिलिंडर संपत आल्यावर श्वास किंचित जड वाटतो. परंतु त्यात हलणारे भाग थोडे असतात, सर्व्हिसिंग सोपे आणि स्वस्त पडते. भाड्याने साहित्य देणारी अनेक केंद्रे याच कारणाने तो ठेवतात. स्क्युबाप्रोचा एमके-२ आणि क्रेसीचा एसी-२ ही या प्रकाराची नामांकित उदाहरणे होत.

प्राथमिक प्रमाणपत्रधारकाची मर्यादा १८ मीटर असते. ५० बार हवा शिल्लक ठेवून वर येणाऱ्या माणसाला एवढ्या खोलीसाठी साधा पिस्टन पुरेसा आहे. थंड पाण्यासाठी वेगळा बंदिस्त पहिला टप्पा मिळतो. १० अंशांपेक्षा थंड पाण्यात जाणाऱ्याला त्याची गरज असते. कोकण, गोवा, अंदमान येथील कोमट समुद्रात त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. टायटॅनियमचे वजन कमी असते, पण वर्षातून सहा बुड्या मारणाऱ्याला क्रोमचा मुलामा दिलेले पितळ पुरते.

जोडणी मात्र पाहून घ्यावी. एक प्रकार सिलिंडरच्या तोंडावर शिकंजासारखा बसतो, त्याला योक म्हणतात. दुसरा आट्यांचा असतो, तो डिन. आखातातून आलेला संच डिन असेल आणि येथील केंद्रात योकचे सिलिंडर असतील, तर अडॅप्टर लागेल. खरेदीपूर्वी केंद्राला विचारावे. वस्तूवर युरोपच्या ईएन २५० या मानकाची खूण असावी. नाव-गाव नसलेला, सुटे भाग न मिळणारा स्वस्त संच फुकट मिळाला तरी घेऊ नये.

जुना संच घेताना

घरचाच अनुभव सांगतो. मुलासाठी मी नामांकित कंपनीचा जुना संच निम्म्या किमतीत घेतला. बाहेरून लखलखीत होता. सर्व्हिसिंगला दिला तेव्हा कारागिराने सांगितले की या मॉडेलच्या रबरी कड्यांचा आणि बैठकीचा संच आता मिळत नाही. दुकानात शिलाई मशीन घेताना बॉबिन केस बाजारात मिळते का, हे मी आधी पाहतो. येथे तेच विसरलो. तो संच आजही कपाटात पडून आहे.

तेव्हा जुना संच घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मॉडेल आणि नंबर कारागिराला कळवून सुटे भाग मिळतात याची खात्री करावी. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी एक जाळी असते. ती हिरवट दिसली तर आत पाणी गेलेले असते. तांबूस असेल तर सिलिंडरमधील गंज आलेला असतो. टोपीने ते तोंड बंद करून दुसऱ्या टप्प्यातून श्वास ओढावा. हवा येता कामा नये. आली तर कोठे तरी गळती आहे. न वापरता ठेवलेला संचही ‘नवा’ समजू नये, कारण रबर पडून राहूनही कडक होते. जुन्या संचाची किंमत ठरविताना पहिल्या सर्व्हिसिंगचा खर्च त्यात मिळवूनच घासाघीस करावी.

हिशेब मांडू या

आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा संच ३०,००० रुपयांचा आहे आणि आठ वर्षे वापरायचा आहे. कोणती कंपनी दरवर्षी सर्व्हिसिंग सांगते, कोणती दोन वर्षांनी किंवा १०० बुड्यांनी. दोन वर्षांनी ५,००० धरले तर चार वेळचे २०,००० झाले. एकूण ५०,०००. वर्षाला सहा बुड्या म्हणजे आठ वर्षांत ४८. प्रत्येक बुडीला हजारापेक्षा जास्त खर्च पडला. भाडे बुडीमागे ५०० रुपये असेल, तर ४८ बुड्यांचे २४,००० होतात. म्हणजे भाडे निम्म्याहून स्वस्त. वर्षाला २० बुड्या असतील तर मात्र हाच संच बुडीमागे सुमारे ३१२ रुपयांना पडतो. या आकड्यांत वर्षाला बारा-तेरा बुड्यांच्या आत खरेदी परवडत नाही.

आणखी एक विचारावे : आपला रेग्युलेटर आणल्यास केंद्र दरात सूट देते काय? बुडीच्या दरात बहुधा साहित्य धरलेलेच असते. सूट नसेल तर पैशाच्या दृष्टीने खरेदीचा लाभ काहीच नाही. अशा वेळी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क आणि स्वतःचा तोंडात धरायचा रबरी तुकडा घ्यावा. खर्च थोडा, स्वच्छता आणि सोय पुष्कळ.

आखातातून मागविताना कंपनीची हमी भारतात चालते का, आणि प्रवाशाच्या सामानावरील करसवलतीची त्या वेळची मर्यादा किती, हे आधी पाहावे. दोन्ही बाजू धरल्या की तेथील स्वस्ताई बरीच कमी होते.

घेतल्यानंतर

बुडीनंतर पहिल्या टप्प्याची टोपी कोरडी करून घट्ट लावावी आणि सगळा संच गोड्या पाण्यात भिजवावा. भिजत असताना दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबू नये, नाहीतर पाणी आत शिरते. सावलीत वाळवून, नळ्या न मुडपता ठेवावा. पुढच्या सुट्टीत पाण्यात उतरण्यापूर्वी मीटरवर नजर ठेवून चार-पाच श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा खाली जात असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही किंवा जाळी तुंबली आहे. ते ठीक होईपर्यंत उतरू नये.

थोडक्यात, वर्षातून एकदा जाणाऱ्याने भाड्याने घ्यावा, पण वरील तपासण्या भाड्याच्या संचावरही कराव्यात. वारंवार जाणाऱ्याने साधा, नामांकित आणि ज्याचे सुटे भाग मिळतात असाच घ्यावा. आणि सर्व्हिसिंगचे पैसे खरेदीच्या दिवशीच बाजूला काढून ठेवावेत. तेवढी तयारी नसेल तर ती वस्तू आपल्याला परवडत नाही, असे खुशाल समजावे.