एमेन्टालची परसबाग

मे महिन्याच्या मध्यावर पांक्रात्स, सेर्वात्स, बोनिफात्स या ‘हिमसंतां’चे दिवस सरून १५ मेची ‘थंड सोफी’ मागे पडेपर्यंत घेवडा, टोमॅटो अशी दहिवराला न टिकणारी पिके उघड्या जमिनीत घालू नयेत, ही वहिवाट स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनातील एमेन्टाल खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; आणि ही मुदत संपताच, खूप खाली उतरलेल्या विस्तीर्ण छपराच्या लाकडी शेतघरासमोर लागवडीचे जे काम सुरू होते, ते मी बागेच्या कुंपणालगत उभा राहून पाहिले.

परस्परांना छेदणाऱ्या दोन वाटांनी बागेचे चार वाफे पाडलेले, मध्यभागी फुलांचे गोल आळे, आणि प्रत्येक वाफ्याला बुक्स या सदाहरित झुडपाची कातरून ठेंगणी राखलेली किनार. मठांतील उद्यानांची चतुष्कोणी रचना आणि बर्नच्या सरदार घराण्यांनी फ्रेंच धर्तीवर उभारलेल्या बागांची प्रमाणबद्धता, असा दुहेरी वारसा येथे शेतकऱ्याच्या अंगणात एकवटला आहे. परंतु ही किनार केवळ शोभेची नाही; ती वाराही अडवते आणि वाफ्यातील माती वाटेवर उतरू देत नाही. वाटेवर पसरलेल्या झाडसालीच्या भुग्यामुळे पावसानंतरही चिखल न तुडविता काम करता येते.

घरधनीणबाईंनी प्रथम दोरी ताणून ओळ आखली, उंच काठ्या रोवल्या आणि प्रत्येक काठीभोवती घेवड्याचे दाणे बोटाने मातीत दाबले. गेल्या वर्षी जेथे घेवडा होता तेथे यंदा कोबी, कारण घेवड्याच्या मुळांवरील गाठी मातीत नत्राची भर घालतात. वाफे चारच असल्याने या फेरपालटाचा हिशेब कोणत्याही दप्तरात नोंदवावा लागत नाही. किनारीलगत पिओनी, फ्लॉक्स आणि डेलिया ही फुलझाडे. उन्हाळ्यात खुडलेला घेवडा उकळत्या पाण्यातून काढून वाळविला म्हणजे हिवाळ्यात डुकराच्या मांसाबरोबर पानात वाढण्याची तजवीज होते.

ही लागवड पाहताना एक आठवण होते: १९४० साली युद्धाने वेढलेल्या स्वित्झर्लंडपुढे धान्यवाढीची योजना मांडणारे फ्रीड्रिख ट्राउगोट वालेन हे याच बर्न कँटनात १८९९ साली जन्मले होते. त्या योजनेनुसार शहरांतील उद्यानांतही बटाटे लावले गेले. राष्ट्रावर संकट आले तेव्हा सरकारला हुकूम काढून जे घडवावे लागले, ते या बागांतील स्त्रिया कोणत्याही हुकुमाविना दरवर्षी करीत आल्या आहेत; आणि तेही एकही फूल न उपटता, ही त्यांच्या कर्तृत्वाची थोरवी मला सर्वांत मोठी वाटते.