संगणक सुरू झाला म्हणजे नेमके काय सुरू झाले?

2019 च्या ऑगस्टमधील पाऊस आम्ही बेळगावकर सहसा विसरणार नाही. त्या दिवसांत वीज सारखी जात-येत होती आणि अशाच एका जाण्या-येण्यात माझ्या दवाखान्यातील संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली. मी फारसा घाबरलो नाही. रुग्णांच्या नोंदींची प्रत बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर रोज आपोआप उतरत असे. निदान माझी तशी समजूत होती. ती डिस्क उघडून पाहिली, तेव्हा शेवटची प्रत जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील निघाली.

हृदयात कृत्रिम झडप बसविलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे नियमित येत. जुलै महिन्यात मी त्यांच्या वॉरफरिनची मात्रा दोनदा बदलली होती. त्यांची वही घरात शिरलेल्या पाण्यात गेली होती. ‘‘डॉक्टर, तुमच्या कॉम्प्युटरात आहे की सगळं,’’ असे ते निर्धास्तपणे म्हणाले. कॉम्प्युटरात काही नव्हते. आय.एन.आर. तातडीने तपासून मात्रा नव्याने बसवावी लागली आणि पुढचे पंधरा दिवस दर तीन-चार दिवसांनी त्या वृद्धाच्या दंडातून रक्त घ्यावे लागले. सारे निभावले, पण त्या काळात मला स्वस्थ झोप लागली नाही.

प्रत उतरविणारा प्रोग्रॅम बिघडला नव्हता. तो सुरूच होत नव्हता, आणि त्याचे कारण मीच होतो. हा प्रोग्रॅम माझ्या नावाच्या खात्यातील स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवलेला होता. जूनमध्ये स्वागतकक्षात नवीन मुलगी कामाला लागली. शिस्त म्हणून मी तिच्यासाठी विंडोजमध्ये स्वतंत्र खाते उघडून दिले. त्या दिवसापासून संगणक रोज तिच्या खात्याने उघडू लागला आणि माझ्या खात्यातील प्रोग्रॅम तेथेच पडून राहिला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. संगणकाला वीज मिळणे, विंडोज उभे राहणे आणि कोणी पासवर्ड देऊन आत शिरणे या तीन निरनिराळ्या घटना आहेत. आपण तिन्हींना ‘चालू झाला’ असेच म्हणतो. डॉसच्या काळात हा घोळ नव्हता. यंत्र उभे राहिले की ऑटोएक्झेक नावाच्या फाइलमधील आज्ञा ओळीने पार पडत. आता मात्र स्टार्टअप फोल्डरमधील गोष्टी तिसऱ्या घटनेनंतरच, म्हणजे माणूस आत आल्यावर सुरू होतात. आणि त्याही ज्याचा फोल्डर, त्याच्यापुरत्या.

रुग्णांच्या वेळा दाखविणारा प्रोग्रॅम असेल, तर हीच व्यवस्था योग्य होय, कारण तो पाहायला समोर माणूस असतोच. कळफलकावरील विंडोजची कळ आणि आर ही अक्षरकळ एकत्र दाबावी. येणाऱ्या चौकटीत रोमन लिपीत शेल, त्याला जोडून अपूर्णविराम आणि त्याला जोडून स्टार्टअप असे लिहून एंटर दाबले, की तो फोल्डर उघडतो. त्यात हव्या त्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट ठेवावा. मूळ फाइल हलवू नये. सर्व खात्यांसाठी हवा असल्यास स्टार्टअपच्या आधी कॉमन हा शब्द लिहून एक जागा सोडावी. माझ्या घोळावर एवढ्यानेही उपाय झाला असता.

परंतु प्रत उतरविण्याचे काम कोणाच्या येण्या-जाण्यावर अवलंबून असूच नये. त्यासाठी विंडोजमधील टास्क शेड्युलर वापरावा. त्यात क्रिएट टास्क निवडून ट्रिगर म्हणून ‘अॅट स्टार्टअप’ द्यावे. त्याच्याशेजारी ‘अॅट लॉग ऑन’ असते, ते नव्हे. कोणी आत शिरलेले असो वा नसो, काम चालावे, असा पर्यायही पहिल्याच पानावर आहे. तो घेतल्यास प्रोग्रॅम पडद्याआड चालतो, खिडकी दिसत नाही. म्हणून उत्तराची वाट पाहणारा प्रोग्रॅम येथे उपयोगाचा नाही.

बाहेरची डिस्क ओळखली जाण्याआधीच प्रोग्रॅम धावला, तर प्रत कोठे उतरणार? त्यासाठी ट्रिगरमध्येच विलंब ठेवता येतो. मी एक मिनिटाचा ठेवला आहे. ए.व्ही. नोड अलिंदातील आवेग क्षणभर रोखून धरतो, म्हणून निलयाला भरायला अवधी मिळतो. आपल्या व्यवसायबंधूंना याहून अधिक सांगायला नको.

लॅपटॉप वापरणाऱ्यांनी कंडिशन्स हे पान अवश्य पाहावे. यंत्र विजेच्या जोडणीवर असेल तरच काम सुरू करावे, अशी खूण तेथे मुळातच केलेली असते. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर असला, की काम मुकाट्याने टळते. आमच्याकडच्या पावसाळ्यात ही खूण काढलेलीच बरी. शिवाय दिवसभर चालू राहणाऱ्या संगणकासाठी दुपारची एखादी वेळही दुसरा ट्रिगर म्हणून द्यावी.

या कटकटीला कंटाळून काहीजण पासवर्डच काढून टाकतात, म्हणजे संगणक थेट आत उघडतो. हे मला मुळीच मान्य नाही. प्रतीक्षागृहापासून चार पावलांवर असलेल्या यंत्रात लोकांची गुपिते असतात.

उलट बाजूही आहे. आपण न सांगता अनेक प्रोग्रॅम स्वतःला या यादीत घालून घेतात आणि मग संगणक उघडेपर्यंत चहा निवतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील स्टार्टअपच्या यादीत अनावश्यक नावावर डिसेबल करावे. प्रोग्रॅम नष्ट होत नाही, फक्त आपोआप उठत नाही. व्हायरसविरोधी प्रोग्रॅमला मात्र हात लावू नये.

माझ्या दवाखान्यात आता आणखी एक पद्धत आहे. दर सोमवारी सकाळी स्वागतकक्षातील मुलगी बाहेरच्या डिस्कवरील शेवटच्या प्रतीची तारीख पाहते आणि केसपेपरच्या रजिस्टरमध्ये शाईने लिहून ठेवते. प्रत घेणे यंत्राकडे, ती झाली की नाही हे पाहणे माणसाकडे. गेल्या वर्षी एका सोमवारी तिने मला हाक मारली. तारीख चार दिवसांपूर्वीची होती. झाडताना डिस्कची वायर सैल झाली होती.