फळ्यामागचे डबे

ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते, तरी पुन्हा एकदा सांगावीशी वाटते. मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल. सरकारी शाळा, शहरातली नामांकित. एके दिवशी मास्तरांनी भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. भीमराव उठला मात्र, वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. त्याचा हात फळ्याला लागण्याआधी मुलांनी धावत जाऊन ते डबे बाजूला केले. मग भीमरावाने उदाहरण सोडवले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही साताऱ्याची शाळा नव्हती. साताऱ्यात बसायला गोणपाट घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी ते घरीच आणावे लागे, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला शिवत नसे. शिपाई असेल तरच पाणी, शिपाई नसेल तर दिवसभर तहान. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. मुंबईत तसे नव्हते. नाव घातले गेले, वर्गात बसायला मिळाले, दाखल्यावर शिक्का पडला. कायद्याने दार उघडे होते आणि तरीही फळा बंद होता.

दार तरी कसे उघडले? १८५६ साली धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. पुढे १८५८ साली सरकारने धोरण जाहीर केले की, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील. १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हा सारा इतिहास मांडला होता. त्या मुलाचे नाव इतिहासाला माहीत नाही. पण एल्फिन्स्टनमध्ये भीमराव जाऊन बसला, त्याची पहिली पायरी त्या अनाम पोराने घातली होती, हे आपल्या लेकरांना सांगायला हवे.

एल्फिन्स्टनमध्ये एक मास्तर त्याला टोचून बोलत की, तू महार, तुला शिकून काय करायचे आहे? संस्कृत शिकायची इच्छा होती, ते शिकवायला नकार मिळाला. म्हणून फारसी घ्यावी लागली. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. तीतच चूल, तीतच जाते, तीतच बिछाना. रामजीबाबा त्याला संध्याकाळी लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत. मुलाला पुस्तक हवे म्हटले की हा निवृत्त सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणी, गहाण टाकी आणि पेन्शन हाती आल्यावर सोडवून परत देई. त्या लेकींची नावे मंजुळा आणि तुळसा. जयंतीच्या भाषणात आपण रामजीबाबांचे नाव घेतो, पण सासरी नांदणाऱ्या ज्या बहिणींच्या अंगावरून तो दागिना उतरला, त्यांची आठवण फारसे कुणी काढत नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला.

हे सारे आज सांगायचे कारण, आपली मुलेही आज अशाच मिश्र वर्गांत बसतात. आपल्या माहूरचेच घ्या. रेणुकेचे ठाणे, दत्तशिखर, सोनापीरचा दर्गा आणि डोंगरात कोरलेली लेणी, सगळे एकाच गावात. तसेच इथल्या हायस्कुलांचे. एका बाकावर बौद्धाचे पोर, शेजारी तांड्यावरचा बंजारा, मागे गोंड, कोलाम, आंध, तिकडे मुसलमान, मराठा, गुरव, शिंपी. इतकी जातभाई नसलेली मुले जवळजवळ बसण्याची आपल्या गावात शाळेइतकी दुसरी जागा नाही. विहिरी, मसणवटे, वस्त्या अजून वेगवेगळ्या आहेत.

पण ही मुले घरी वेगवेगळ्या भाषा बोलतात. गोंडाच्या घरी गोंडी, कोलामाच्या घरी कोलामी, तांड्यावर गोरमाटी, मोहल्ल्यात दखनी. पुस्तकातली मराठी ही यातल्या निम्म्या मुलांची परकी भाषा. आणि आपल्या मुलांची तरी ती कुठे घरची आहे? 'काहून' म्हटले, 'व्हय' म्हटले की वर्ग हसतो.

या मुलखात त्यावर एक उपाय करून पाहिला गेला होता. १९५६ पर्यंत किनवट-माहूरचा हा भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४० साली तिथे कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला. त्यात ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांची परिस्थिती पाहायला पाठवले. त्याने १९४३ साली मारलवाई या खेड्यात गोंड तरुणांना मास्तर म्हणून तयार करण्याचे केंद्र सुरू केले. गोंडीतली वाचनाची पुस्तके तयार केली, आणि ती देवनागरी लिपीत, म्हणजे पुढे मराठी शिकणे सोपे जावे. गोंड मुलाला गोंड मास्तर, त्याच्याच बोलीत पहिला धडा. ऐंशी वर्षांपूर्वी, निजामाच्या राज्यात, जंगलात हे होऊ शकले. आज डांबरी सडकेवरच्या शाळेत कोलाम मुलाला पहिल्या दिवशी त्याच्या बोलीतला एक शब्दही ऐकू येत नाही, हे कसे?

आणि इथेच आपल्या घरातली एक गोष्ट बोलली पाहिजे, जरा कडू आहे. कोलाम पोराची मराठी अडखळली की हसणाऱ्यांत आपलीही पोरे असतात. त्याच्या कपड्याला जंगलाचा, मोहाचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांतही असतात. भीमजयंतीला निळा झेंडा घेऊन नाचणारे पोर दुसऱ्या दिवशी वर्गात कोलामाच्या बाकावरून उठून जाते. फळ्यामागचे डबे कुणी हलवले ते आपल्याला पाठ आहे. पण आपल्या पोराचा डबा कुठे ठेवलेला असतो, ते आपण विचारतो का? मायबाई, तुमच्या लेकाला एकदा विचारून पाहा, तुझ्या शेजारी कोण बसते, आणि त्याच्या घरचे तू काही खाल्ले आहेस का.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर ताटाचेही सांगतो. शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि सरकारी शाळेतले दुपारचे जेवण आठवीपर्यंत. तोवर सारी मुले एका रांगेत बसतात, एकाच पातेल्यातली खिचडी खातात. खिचडी कधी चांगली असते, कधी नुसते पिवळे पाणी, पण रांग एक असते. नववीला पातेले जाते आणि घरचा डबा येतो. डब्याबरोबर कोंडाळी येतात. ज्याच्या घरी सकाळी चूल पेटत नाही त्याचा डबाच नसतो, तो मधल्या सुट्टीत नळावर जातो आणि तिकडेच रेंगाळतो. तांड्यावरची काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, नाहीतर हैदराबादकडे कामाला निघतात. मोठी पोरगी धाकट्यांना सांभाळायला त्यांच्याबरोबर जाते. आपल्या वस्तीतही नववीतल्या पोरीला कापूस वेचायला नेणारी घरे आहेत. खुली ठेवलेली शाळा अशी नववीत रिकामी होते, आणि त्याचा दोष कुणाच्या माथी लागत नाही.

एवढ्यासाठी एक व्यवहाराची बाब. नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती २०१२ पासून आहे. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क १९९० साली मिळाले, त्यामुळे आपली मुले तीत बसतात. पण जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला हाती हवा. तो आठवीतच काढून ठेवा. नववीच्या जूनमध्ये तहसीलच्या खेपा घालायला निघाल तर मजुरीचे आठ दिवस बुडतील आणि मुदतही निघून जाईल.

बाबासाहेबांनी स्वतः शाळा-कॉलेजे काढली तेव्हा ती केवळ आपल्या समाजापुरती ठेवली नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५० साली तिने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. त्याआधी निजामाच्या सरकारी हायस्कुलांत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ पासून उर्दूतच शिकवीत होते. मराठवाड्यातल्या गरिबाच्या पोराला दोन भिंती ओलांडाव्या लागत. नव्या महाविद्यालयात सर्व जातींची मुले आली, शिकवणारेही सर्व जातींचे होते. खेड्यातून आलेल्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली, कारण भाकरी आणि अंथरूण दिल्याशिवाय दार उघडून उपयोग नाही, हे परळच्या खोलीत राहिलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको होते.

नाव ठेवले मिलिंद. परिसर नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. भदंत नागसेनांना त्याने प्रश्नावर प्रश्न विचारले, आणि उत्तर पटले तेव्हा मोकळ्या मनाने ते मान्य केले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला! उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव त्यांनी भोवतालच्या झाडांना दिले. आपल्या माहूरच्या शाळेत प्रश्न विचारायला हात वर करणारी पोरे किती, आणि त्यांत मागच्या बाकावरच्या मुली किती, हे मोजायला एक तास वर्गात बसले तरी पुरे.

शाळा उघडली की पालकसभेची चिठ्ठी येते. ती नेमकी मजुरीच्या दिवशीच येते, हेही खरे. तरी घरातल्या एकाने जावे, शक्यतो आईने. भाषण करायची गरज नाही. पाण्याची टाकी कुठे आहे, पेला एकच आहे की वेगवेगळे, मुलींच्या संडासाला कडी आहे का, आणि मधल्या सुट्टीत कोलामाचे पोर कुणाबरोबर बसते, एवढे पाहून यावे. येताना त्याच्या आईची गाठ पडली तर तिलाही आपल्या घरी चहाला बोलवावे.