गादीखालची फिनिश पट्टी

हेलसिंकी : हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त महाधमनीत ढकलते, तेव्हा शरीर किंचित उलट दिशेला सरकते. ही हालचाल झोपलेल्याला जाणवत नाही. गादीखाली घातलेल्या पातळ पट्टीला मात्र ती कळते. अंगावर तार नाही, मनगटाला पट्टा नाही. फिनलंडमध्ये हे तंत्र प्रयोगशाळेतून थेट बेडरूममध्ये आले.

कल्पना जुनी आहे. वजनकाट्यावर उभ्या माणसाच्या नाडीबरोबर काटा थरथरतो, ही नोंद १८७७ ची. पुढे अमेरिकेत आयझॅक स्टार यांनी टांगत्या पलंगावरून हृदयाचे हे धक्के मोजले; पण ईसीजीपुढे ही पद्धत मागे पडली. तिला नवा जन्म दिला फिनलंडच्या तुर्कू शहराने. १९७९ मध्ये तिथल्या यूसी अलिहांका आणि सहकाऱ्यांनी स्थिर विद्युतभारावर चालणारी गादी मांडली. तिच्यावर रुग्ण रात्रभर मोकळेपणाने झोपे आणि त्याची हालचाल, श्वास व ठोके नोंदले जात.

पुढची मजल प्लॅस्टिकच्या एका फिल्मने मारली. कारी किर्यावाइनेन यांच्या या शोधात पॉलिप्रॉपिलिनच्या पापुद्र्यात चपटे हवेचे कप्पे असतात आणि त्यांत कायमचा विद्युतभार भरलेला असतो. दाब पडला की कप्पे दबतात आणि सूक्ष्म विद्युतसंकेत निघतो. वायाकोस्कीच्या एमफिट कंपनीची उत्पादने याच फिल्मवर उभी आहेत. एस्पोच्या बेडिट कंपनीने घरगुती ग्राहक गाठला. ती कंपनी २०१७ मध्ये ॲपलने विकत घेतली.

पट्टीकडून येणारा संकेत म्हणजे सगळी सरमिसळ. श्वासाची लाट मोठी आणि संथ, मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा. ठोक्याचा धक्का बारीक, मिनिटाला ६० ते १०० वेळा. संगणक वारंवारतेवरून दोन्ही वेगळे काढतो. माणूस कुशीवर वळला की ठोके हालचालीत बुडून जातात. तेवढा भाग सोडून द्यावा लागतो.

झोपेच्या टप्प्यांचा आलेख मात्र जपून वाचावा. प्रयोगशाळेत झोप ठरते ती मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण पाहून. पट्टीला यातले काहीच दिसत नाही. श्वास, ठोके आणि स्थिरता यांवरून ती अंदाज बांधते. अंथरुणात न हलता पुस्तक वाचणाराही तिच्या लेखी झोपलेला ठरू शकतो. ठोक्यांची लय बिघडल्याचा संशय पट्टीवरून येऊ शकतो, पण निदानाला ईसीजीच लागतो.

वृद्धांची संख्या वाढत असलेल्या फिनलंडमध्ये, जमेल तितके दिवस म्हातारपण स्वतःच्या घरीच काढावे, असे सरकारी धोरण आहे. तिथे आलेखापेक्षा साधी माहिती अधिक कामाची : आजी पलंगावर आहेत का, रात्री उठून परत आल्या का. त्यासाठी कॅमेरा लावावा लागत नाही, हा पट्टीचा खरा फायदा. तरीही आरोग्याची माहिती युरोपीय कायद्यानुसार विशेष संवेदनशील गणली जाते. त्यामुळे ती कोण पाहणार आणि कशासाठी, हे आधीच ठरवावे लागते.

जोडप्यांच्या बाबतीत इथली एक सवय उपयोगी पडते. अनेक पलंगांत दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि पांघरुणेही दोन असतात. गादी एकच असली, तर शेजारच्याचे ठोकेही संकेतात घुसतात.