पुरवणी करार आणि आपल्या वसाहतीचं ड्रेनेज

देखभाल खर्चावरच्या भागानंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू अशा ठिकठिकाणच्या मराठी प्रेक्षकांचे प्रश्न आले. राज्य वेगळं, कायदा वेगळा, तक्रार मात्र एकच. प्लॉट घेतला तेव्हा पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन नकाशावर होती. आता बिल्डर म्हणतो की सरकारबरोबरचा मूळ करार बदलून पुरवणी करार करायचा आहे. आम्ही काय करायचं?

आधी एक गैरसमज दूर करतो. करार बदलणं म्हणजे फसवणूकच, असं नाही. वसाहत उभी राहायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात रस्त्यासाठी जमीन मिळत नाही, शहराची मुख्य वाहिनी दुसरीकडून जाते, लोकसंख्येचा अंदाज चुकतो. जुना करार तसाच कवटाळून बसलं तर पाणी कधीच येणार नाही. प्रश्न आहे तो बदल नेमका कुठल्या ओळीत होतो, याचा.

मी हरियाणाचं उदाहरण घेऊन बोलतो. निवृत्तीनंतर मी गुरुग्रामच्या एका प्लॉट-वसाहतीत राहतो, म्हणून हा कायदा मला वाचावा लागला. दुसरं कारण असं की ही व्यवस्था तिथल्या कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेली आहे. १९७५ च्या हरियाणा नागरी क्षेत्र विकास व नियमन कायद्याखाली बिल्डरला, तिकडच्या भाषेत कॉलनायझरला, परवाना घ्यावा लागतो आणि सरकारबरोबर द्विपक्षीय करार करावा लागतो. त्या कराराच्या नमुन्याला एलसी-४ म्हणतात. कायद्याच्या कलम ३ नुसार विकासकामांच्या अंदाजे खर्चाच्या २५ टक्के रकमेची बँक गॅरंटी द्यायची, बाहेरच्या कामांसाठी विकास शुल्क भरायचं, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यापासून पाच वर्षं रस्ते, बागा, पाणी, ड्रेनेज सांभाळून नंतर ते सरकारला किंवा स्थानिक संस्थेला फुकट सोपवायचं. कलम ५ सांगतं की प्लॉटधारकांकडून आलेल्या पैशांतले ३० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते फक्त वसाहतीच्या अंतर्गत कामांवर खर्च करायचे.

‘द्विपक्षीय’ या शब्दावर जरा थांबा. दोन पक्ष कोण? सरकार आणि बिल्डर. पैसे ज्याचे, तो प्लॉटधारक त्यात कुठेच नाही. म्हणून हा करार बदलतो तेव्हा आपल्या दारावर कोणी टकटक करत नाही. आपल्याला कळतं ते पहिल्या पावसाळ्यात, चेंबरचं झाकण वर आल्यावर.

आता आमच्या वसाहतीचं सांगतो, आकडे सोपे करून. मूळ मंजुरीत आमच्या शेवटच्या चेंबरपासून शहराची मुख्य मलवाहिनी दीडशे मीटरवर होती, आणि तिचा तळ आमच्या तळापेक्षा ८० सेंटिमीटर खाली. तो रस्ता जमीन ताब्यात न आल्यामुळे रखडला. पुरवणी कराराच्या मसुद्यात जोडणीचा बिंदू दुसऱ्या रस्त्यावर नेला. मसुद्यात एवढंच वाक्य होतं की जोडणी सोबतच्या नकाशात दाखवलेल्या ठिकाणी केली जाईल. वाचायला निरुपद्रवी. पण नवा बिंदू सहाशे मीटरवर, आणि उतार फक्त ५० सेंटिमीटर.

मी पायदळाचा माणूस, इंजिनिअर नाही. पण आमच्या वसाहतीत सॅपर्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब आहेत. त्यांनी डंपी लेव्हल लावून तळ मोजले आणि अर्ध्या पानात हिशेब दिला. सांडपाणी उतारावर चालतं, आणि त्यातला गाळ वाहून जायचा तर वेग साधारण सेकंदाला ०.६ मीटर तरी हवा. केंद्र सरकारच्या मलनिस्सारण नियमावलीतली ही मर्यादा आहे. तीनशे मिलिमीटरच्या पाइपात पहिल्या उताराने पाणी सेकंदाला एक मीटरच्या आसपास धावतं. दुसऱ्या उताराने ०.४ च्या आसपास. म्हणजे गाळ बसणार, लाइन तुंबणार. उपाय एकच, पंप. पंप आला की विजेचं बिल आलं, जनरेटर आला, डिझेल आलं, रात्रपाळीचा माणूस आला. आणि हे सगळं कोण देणार, याबद्दल मसुद्यात एक शब्दही नव्हता.

सैन्यात आम्ही बराक ताब्यात घेतो तेव्हा ‘मार्चिंग इन’ची तपासणी होते. एमईएसचा माणूस बरोबर असतो. नळ, काच, कडी सगळं बघून, नोंदवून मगच सही. इथे जमिनीखालची कोट्यवधींची मालमत्ता नकाशाकडे न बघता मंजूर होऊ शकते, याचं मला आजही नवल वाटतं. तर पहिली गोष्ट ही: मसुद्यातला मजकूर नंतर वाचा, आधी सोबतचा नकाशा मागा. जुना आणि नवा जोडणी-बिंदू, दोन्हीकडचे तळाचे स्तर, मधलं अंतर. तीन आकडे पुरतात.

दुसरा मुद्दा क्षमतेचा. गुरुग्राममध्ये एका प्लॉटवर पार्किंगच्या वर चार मजले बांधण्याचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने ही परवानगी २०२३ मध्ये थांबवली आणि २०२४ मध्ये काही अटी घालून पुन्हा दिली. मजल्यांच्या राजकारणात मी जात नाही, फक्त पाइपाचा हिशेब मांडतो. समजा पाचशे प्लॉट आहेत. एका प्लॉटवर पाच जणांचं एक कुटुंब धरलं तर अडीच हजार माणसं. माणशी रोज १३५ लिटर या प्रमाणाने ३ लाख ३७ हजार लिटर पाणी. आता त्याच प्लॉटवर चार मजले, चार कुटुंबं, मिळून अठरा माणसं धरा. नऊ हजार लोक, १२ लाख १५ हजार लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे पावणेदहा लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने हे पाणी आणायचं तर रोज सव्वाशेच्या घरात फेऱ्या. पुरवणी करारात मजले वाढवले आणि पाइपाचा तक्ता जुनाच ठेवला, तर तो करार कागदावरच चालेल.

बरं, पाइप उगीच मोठा घालूनही भागत नाही. वस्ती कमी असताना मोठ्या पाइपात पातळ धार वाहते आणि गाळ तळाशी बसतो. टप्पे पाडूनच काम करावं लागतं.

‘तात्पुरती व्यवस्था’ हा शब्दप्रयोग दिसला की मात्र पेन्सिल हातात घ्या. बाहेरची लाइन येईपर्यंत टँकर, वसाहतीतच छोटं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, असं लिहिलेलं असतं. कधीपर्यंत? खर्च कोणाचा? १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखालची राज्य मंडळाची संमती कोणाच्या नावावर? हे तिन्ही लिहिलेलं नसेल तर तात्पुरतं म्हणजे कायमचं, आणि केंद्र बंद पडलं की नोटीस रहिवासी संघटनेच्या नावाने. बोअरवेलची आशा तर धरूच नका. गुरुग्रामचं भूजल अतिदोहित वर्गात आहे.

आता एक गोष्ट जी वकीलसुद्धा सहसा आपणहून सांगत नाहीत. बँक गॅरंटी ही हमी आहे, आणि भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १३३ सांगतं की मूळ करारात जामीनदाराच्या संमतीवाचून बदल केला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. इथे जामीनदार कोण? बँक. बहुतेक गॅरंटींच्या मजकुरात यावर तोड म्हणून एक कलम घातलेलं असतं, पण ते आहे की नाही हे बघायला नको? म्हणून पुरवणी कराराबरोबर बँकेचं संमतिपत्र जोडायला लावा. गॅरंटीची मुदत कधी संपते ते तपासा. आणि कामाचा अंदाजे खर्च बदलला असेल तर २५ टक्के नव्या खर्चाचे हवेत. दहा वर्षांपूर्वीच्या दराने दिलेली गॅरंटी आज एका पंपिंग स्टेशनलाही पुरणार नाही.

मग प्लॉटधारकाच्या हातात काय? २०१६ चा रेरा कायदा. रेराच्या व्याख्येत अंतर्गत विकासकामांमध्ये पाणीपुरवठा, मलवाहिन्या, गटारं आणि सांडपाण्याची विल्हेवाट येते. प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, पण त्याच्या उपयोगासाठी करायची कामं ती बाह्य. पुरवणी करारात एखादं काम गुपचूप ‘अंतर्गत’मधून ‘बाह्य’मध्ये सरकतं, तेव्हा त्याचा खर्च बिल्डरच्या खिशातून सरकारी शुल्काच्या ढिगात जातो आणि तिथे ते काम वर्षानुवर्षं पडून राहतं. माझं मत विचाराल तर मुदतवाढ खुशाल द्यावी, पण हे सरकणं अजिबात मान्य करू नये.

कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात आणि सामाईक सोयींमध्ये बदल करायला बिल्डर सोडून किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती लागते. आणि एकाच माणसाने स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर कितीही घेतलं, तरी तो एकच धरला जातो. त्यामुळे बिल्डरच्या मेव्हण्याकडे वीस प्लॉट असले तरी मोजणीत एकच. विक्री करारात ‘भविष्यातील सर्व बदलांना संमती’ अशी ओळ घालून ठेवलेली असते, तिला घाबरू नका. महाराष्ट्रात जुन्या मोफा कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट आगाऊ संमती पुरेशी मानलेली नाही. काय बदलतंय हे सांगून घेतलेली संमती हवी. मोफा इतर राज्यांना लागू नाही, पण युक्तिवाद म्हणून तो मांडता येतो.

मात्र एक मर्यादा ओळखून ठेवा. कलम १४ आराखड्याला आणि सामाईक सोयींना लागू होतं. सरकार आणि बिल्डर यांच्यातल्या मुदतवाढीला किंवा शुल्काच्या हप्त्यांना तुमची संमती कोणी मागणार नाही. तिथे हरकत नोंदवणं आणि पाठपुरावा करणं एवढाच मार्ग. हरियाणाच्या कायद्यात बिल्डरला पाच वर्षांच्या आधीच देखभालीतून मोकळं करण्याची सोय आहे, म्हणून आमच्या हरकतीत आम्ही एक ओळ मुद्दाम घातली: नव्या बिंदूची जोडणी होऊन, सर्व चेंबरमधून पाणी सोडून, संघटनेच्या प्रतिनिधीसमोर चाचणी झाल्याशिवाय गॅरंटी परत करू नये आणि देखभालीतून सूट देऊ नये. पंपाचा खर्च बिल्डरने भरावा ही मागणी वेगळ्या परिच्छेदात केली. तो प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही. सुधारलेल्या मसुद्यात पंपिंग स्टेशनचं बांधकाम बिल्डरकडे आलं आहे. विजेचं बिल अजून कोणाकडेच नाही, आणि त्यावर आमची पत्रापत्री चालू आहे.

तुमच्याकडे मसुदा आला नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, त्याला उत्तरही तसंच मोघम येतं. मूळ कराराची प्रत, मंजूर सेवा-आराखडा आणि त्याचा खर्चाचा तक्ता, बँक गॅरंटीची प्रत मुदतीच्या तारखेसह, आणि पुरवणी कराराचा प्रस्ताव त्यावरच्या टिपणीसह, असं एकेक नाव घेऊन मागा. नकाशा मिळाला की त्यावरचे तळाचे स्तर आधी वाचा, आणि डंपी लेव्हल चालवणारा कोणी तुमच्या गल्लीत राहतो का, तेही विचारून बघा.