पूर ओसरला, आता ताप सांभाळा

सह्याद्रीच्या माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळला, की काही तासांतच पायथ्याची गावे पाण्याखाली जातात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण, महाडकरांनी हेच अनुभवले. पण पाणी ओसरले म्हणजे धोका टळला, असे नव्हे. उंदीर व गुरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात मिसळलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात. साधारण पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. दुखणे अंगावर काढल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून चिखल उपसताना गमबूट घाला, जखम झाकून ठेवा. ताप आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठा. पुराच्या पाण्यात उतरला होतात, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आवर्जून सांगा. वेळेवर सुरू केलेली साधी प्रतिजैविकेही प्राण वाचवतात.